नांदी आणि भाकीत

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा नाटकाच्या आरंभी नांदी असावी हे कोणाला सांगावे लागले नाही. मंगलाचरण व्हावे, सूत्रधाराने यावे आणि मग कथेला हात घालावा, हा आमच्या रंगभूमीचा शिरस्ता होता. पुढे दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, नारायण बापूजी कानिटकरांचे ‘शशिकला आणि रत्नपाळ’ हे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चे रूपांतर मराठीत आले. त्या मूळ नाटकाचा आरंभ मात्र मंगलाने होत नाही. चौदा ओळींच्या प्रस्तावनेतच शेक्सपिअर सांगून टाकतो की, ही दोन मुले मरणार आहेत.

शेवट आधीच सांगितल्यावर पाहावयाचे काय उरते? ही शंका जुनीच असावी असे कोणास वाटेल, कारण १५९९ च्या प्रतीत असलेली ही प्रस्तावना १६२३ च्या संग्रहात आढळतच नाही. परंतु आम्हां मराठी प्रेक्षकांना या शंकेचे उत्तर घरातच सापडते. विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. माधवराव वाचत नाहीत आणि रमाबाई सती जातात, हे पुण्यात कोणास ठाऊक नव्हते? तरीही माणसे नाटकाला बसत. ‘काय होणार’ यापेक्षा ‘कसे झाले’ हे मनाला अधिक ओढते. शेक्सपिअरची प्रस्तावना कल्पित कथेला असे इतिहासाचे वजन देते.

येथे एक भेद मात्र विसरता कामा नये. माधवरावांना १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने नेले. तेथे इलाज हरला. व्हेरोनात रोग कोणाला आहे? पहिल्या प्रवेशाच्या आरंभी प्रेमिक दिसतच नाहीत. दिसतात ते कॅप्युलेट घराण्याचे दोन नोकर, फुकाच्या बढाया मारणारे. एक जण समोरच्या घरच्या नोकरांना अंगठा चावून डिवचतो. त्यातून तलवारी निघतात, नागरिक धावतात, वृद्ध यजमानही शस्त्र मागतात आणि अखेर राजाला यावे लागते. वैराचे मूळ कारण नाटककार सांगतच नाही. ते सांगण्याजोगे कोणापाशी उरलेही नसावे.

म्हणून हा आरंभ वाचताना ‘दैव’ या शब्दावर आपण फार विसंबू नये. प्रस्तावना ताऱ्यांकडे बोट दाखवते, पण लगेच येणारा प्रवेश रस्त्याकडे दाखवतो. त्या रस्त्यावर उभे असतात ते आपल्यासारखेच गावकरी.