पाचशे फुटांची रेषा

शाळेच्या जवळ दारू देणारे हॉटेल निघणार अशी कुणकुण लागली की आपल्या धर्मग्रामातील पालक प्रथम धर्मगुरूंच्या दारी येतात. "फादर, तुम्ही एक पत्र द्या, म्हणजे परवाना अडेल," असे ते म्हणतात. त्या शब्दांत मुलांविषयीची कळकळ असते आणि चर्चच्या शब्दावरचा विश्वासही असतो. परंतु धर्मगुरूच्या एका पत्राने परवाना अडावा, हे योग्य आहे काय? अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि त्या वादातील एक पक्ष आपलेच कॅथलिक चर्च होते. तो इतिहास आपण समजून घ्यावा असा आहे.

मॅसॅच्युसेट्स हे राज्य प्युरिटन पंथीयांनी वसविले. तेथे धर्मसंस्था व राज्यसंस्था दीर्घकाळ हातात हात घालून चालल्या. राज्याश्रित चर्चची पद्धत तेथे १८३३ पर्यंत टिकली. दारूविरोधाची परंपराही जुनीच. १८३८ साली त्या राज्याने पंधरा गॅलनपेक्षा कमी मद्य किरकोळीने विकण्यास बंदी घातली. श्रीमंताने पिंप घ्यावे आणि गरिबाला पेलाही मिळू नये, असा त्या कायद्याचा अर्थ लोकांनी लावला आणि १८४० साली तो रद्द झाला. पुढे १९२० पासून साऱ्या देशात दारूबंदी आली व १९३३ च्या अखेरीस संपली. त्यानंतर मद्यविक्रीचे नियमन मुख्यत्वे त्या त्या राज्याकडे गेले.

१९५४ साली मॅसॅच्युसेट्सने नियम केला की, शाळा किंवा चर्च यांपासून पाचशे फुटांच्या आत, म्हणजे सुमारे दीडशे मीटरांत, मद्याचा परवाना द्यावयाचा नाही. हा नियम कडक होता, पण सर्वांना सारखा होता. १९६८ साली तो सैल करण्यात आला : चर्चने लेखी संमती दिल्यास परवाना मिळू लागला. १९७० साली त्याला वेगळे रूप आले : शाळेच्या वा चर्चच्या व्यवस्थापनाने लेखी हरकत घेतली तरच परवाना नाकारावयाचा. वरवर पाहता हा बदल सौम्य वाटतो. प्रत्यक्षात मात्र निर्णयाचा अधिकार सरकारी कचेरीतून निघून हरकत घेणाऱ्याच्या लेखणीत गेला होता. हरकतीचे कारण देण्याचे बंधनही नव्हते.

केंब्रिज शहरातील हार्वर्ड चौकात 'ग्रेंडेल्स डेन' नावाचे उपाहारगृह होते. ग्रेंडेल हा 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातील राक्षस. राजाच्या मेजवानीच्या दालनातील हर्षकल्लोळ त्याला सहन होत नसे, म्हणून तो रात्री तेथे येऊन संहार करी. या उपाहारगृहाच्या मागे अवघ्या दहा फुटांवर होली क्रॉस हे आर्मेनियन कॅथलिक चर्च होते. आर्मेनियन कॅथलिक म्हणजे आपली प्राचीन पौर्वात्य उपासनापद्धती जपणारे, पण रोमशी एकरूप असलेले आपलेच बांधव. १९७७ साली उपाहारगृहाने मद्यपरवान्यासाठी अर्ज केला. आपल्या आसपास आधीच पुष्कळ परवाने असल्याचे सांगून चर्चने हरकत घेतली. ही तक्रार खोटी नव्हती. पाचशे फुटांच्या परिघात तेव्हा पंचवीस परवानाधारक होते. परवाना मंडळाने अर्ज फेटाळला व चर्चची हरकत हे एकच कारण दिले.

मालकाने न्यायालयाची पायरी चढली. हार्वर्डमधील घटनातज्ज्ञ प्राध्यापक लॉरेन्स ट्राइब यांनी सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू मांडली. १३ डिसेंबर १९८२ रोजी निकाल लागला. नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी चर्चला दिलेला तो अधिकार घटनाबाह्य ठरविला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकालपत्र लिहिले. शाळा व प्रार्थनास्थळे यांना गोंगाटापासून संरक्षण देणे हा राज्याचा रास्त हेतू आहे, हे त्यांनी मान्य केले. विधिमंडळ ठरावीक अंतरात सरसकट बंदी घालू शकते; किंवा सुनावणी घेऊन चर्चच्या म्हणण्याला भरीव वजन देऊ शकते. परंतु राज्याची सत्ता धर्मसंस्थेच्या हाती सोपविता येत नाही. उद्या एखाद्या चर्चने आपल्याच पंथाच्या मालकाला मोकळीक दिली व दुसऱ्याला अडविले, तर ते रोखण्याची कोणतीच तरतूद त्या कायद्यात नव्हती.

एकट्या न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी भिन्न मत नोंदविले. सरसकट बंदी चालते, तर तिच्याहून सौम्य असा हा नियम का चालू नये, असा त्यांचा सवाल होता. तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पुढे मॅसॅच्युसेट्सने कायदा बदलला. आता पाचशे फुटांच्या आत परवाना द्यावयाचा असेल, तर शाळेच्या वा चर्चच्या शैक्षणिक व आध्यात्मिक कार्याला त्यामुळे बाधा येणार नाही, असे सुनावणीनंतर अधिकाऱ्यांनी लेखी नोंदवावे लागते.

एक धर्मगुरू म्हणून हा इतिहास वाचताना मन प्रथम चर्चच्या बाजूने झुकते, हे कबूल केले पाहिजे. दारूने मोडलेले संसार आम्ही जवळून पाहतो. तरीही निकालातील न्याय नाकारता येत नाही. ज्या पत्राने आज हॉटेल अडेल, त्याच पत्राने उद्या एखाद्या निरपराध शेजाऱ्याचा व्यवसाय अडू शकेल. आणि असा अधिकार हाती असलेल्याच्या दारी आर्जवे करणाऱ्यांची व भेटी आणणाऱ्यांची रांग लागावयास वेळ लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रात 'आडवी बाटली'साठी गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली आहेत. त्या मतांत सर्व धर्मांच्या माता होत्या, म्हणूनच त्यांच्या शब्दाला बळ आले. आपल्या पालकांनीही शेजारच्या सर्व घरांतील पालकांना सोबत घ्यावे, सुनावणीला जावे, शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर काय घडते ते सांगावे. धर्मगुरूही त्यांच्याबरोबर जातील. पण साक्ष देण्यासाठी, निकाल देण्यासाठी नव्हे. आणि पाचशे फुटांची रेषा आपल्या घराच्या उंबऱ्याशी संपत नाही, हेही ध्यानी असू द्यावे. बारशाला आणि लग्नाच्या मांडवात मुलांच्या डोळ्यांदेखत पेले भरले जातात, तेव्हा हरकत कोणी घ्यावयाची?