दुष्फेन, सुफेन आणि चोपण : एका विनिमयाचा इतिहास

मराठी शास्त्रीय परिभाषेत पाण्याचे जे दोन प्रकार 'दुष्फेन' आणि 'सुफेन' या नावांनी रूढ आहेत, ती नावे भाषाभ्यासकाने क्षणभर थांबून पाहावीत अशी आहेत. 'फेन' म्हणजे फेस. ज्याला साबणाचा फेस कष्टाने येतो ते दुष्फेन, ज्याला सहज येतो ते सुफेन. इंग्रजीने हाच भेद 'कठीण' आणि 'मृदू' अशा अर्थाच्या स्पर्शवाचक विशेषणांनी दाखविला. मराठी परिभाषाकाराने स्पर्श बाजूस ठेवून परीक्षेचा आधार घेतला. लोकव्यवहारातील 'जड पाणी' आणि 'हलके पाणी' हे शब्दप्रयोगही परीक्षेवरच उभे आहेत. मात्र ती परीक्षा चुलीवरची आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, ते पाणी जड. पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनशी जखडून बसतो, म्हणून दाणा मऊ होत नाही, हे त्याचे कारण पुढे रसायनशास्त्राने सांगितले. परंतु निदान गृहिणीने आधीच केलेले होते.

प्रस्तुत लेखाचा विषय जे घरगुती यंत्र दुष्फेन पाणी सुफेन करते त्याचा इतिहास हा आहे. हा इतिहास सामान्यतः कारखानदारीचा व गृहसुखाचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः या यंत्रामागील क्रिया प्रथम दृष्टीस पडली ती शेताच्या मातीत, आणि यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी आज अखेर पोहोचते तेही मातीतच. ही दोन टोके जोडून पाहिल्यावाचून यंत्राचा इतिहास पुरा होत नाही; इतकेच नव्हे, तर यंत्र चालविण्याचे नियमही नीट उलगडत नाहीत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१

पाण्याच्या दुष्फेनतेला संख्येत बांधण्याचे श्रेय अ‍ॅबर्डीन येथील मारिशल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांच्याकडे जाते. ठरावीक तीव्रतेचे साबणाचे द्रावण पाण्याच्या मोजक्या नमुन्यात थोडे थोडे घालीत बाटली हलवावयाची, आणि पाच मिनिटे टिकणारा फेस येईपर्यंत किती द्रावण लागले ते पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती. एका ब्रिटिश गॅलनात एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे दुष्फेनतेचा एक क्लार्क अंश. आजच्या मापात लिटरमागे सुमारे १४.३ मिलिग्रॅम. साबण हा येथे अभिकर्मक आहे आणि मापदंडही. कॅल्शियम व मॅग्नेशियम संपेपर्यंत साबणाचा साका होतो, फेस होत नाही. म्हणून वाया गेलेला साबण हेच दुष्फेनतेचे माप.

क्लार्क यांनी १८४१ साली मृदूकरणाच्या एका पद्धतीचा हक्कही नोंदविला. चुन्याने जड झालेले पाणी हलके करण्यासाठी त्यात आणखी चुना घालावयाचा, हे तिचे सूत्र. वरवर पाहता हे उफराटे वाटते. परंतु पाण्यातील चुना बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला असतो. चुन्याची निवळी घातली की त्याचे अविद्राव्य कार्बोनेट बनते आणि दोन्ही चुने एकदमच तळाशी बसतात. या पद्धतीत क्षार पाण्यातून खरोखरच निघून जातो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाची आहे. तिच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. गाळ काढण्यास मोठी टाकी हवी, चुन्याचे प्रमाण जपावयास जाणता माणूस हवा, आणि सल्फेट वा क्लोराइडच्या रूपातील कॅल्शियमवर तिचा इलाज चालत नसे. ही पद्धत नगराच्या जलकेंद्राला मानवली. घराला मानवणारी नव्हती.

२

घराला मानवणारी पद्धत निघाली ती खताच्या प्रश्नातून. यॉर्कशायरमधील जमीनदार एच. एस. टॉमसन यांना, शेणखतातील अमोनिया पावसाने वाहून जातो की मातीत राहतो, हे जाणून घ्यावयाचे होते. १८४५ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत मातीच्या स्तंभावर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतण्यात आले. खाली गळून आलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट मिळण्याऐवजी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, मिळाले. मातीने अमोनिया धरून ठेवला होता आणि त्याच्या बदल्यात चुना सोडून दिला होता. टॉमसन यांनी हे निरीक्षण १८५० साली प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन टॉमस वे यांनी १८५० व १८५२ च्या निबंधांत त्याचा पद्धतशीर विस्तार केला. ही देवघेव मातीतील चिकणमातीच्या अंशाशी निगडित आहे आणि ती तुल्य प्रमाणात घडते, असे त्यांनी दाखविले.

मात्र वे यांनी ही क्रिया एकेरी मानली. जर्मनीत आइकहॉर्न यांनी १८५८ साली झिओलाइट खनिजांवर प्रयोग करून ती दुहेरी असल्याचे सिद्ध केले. कॅल्शियम देऊन सोडियम बाहेर काढता येतो, तसा सोडियमचे भरपूर द्रावण देऊन कॅल्शियमही बाहेर काढता येतो. पारडे कोणीकडे झुकेल ते द्रावणाच्या तीव्रतेवर ठरते. घरगुती यंत्राचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे.

'झिओलाइट' हे नाव स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेड यांनी १७५६ साली दिले. ग्रीक धातूवरून त्याचा अर्थ 'उकळणारा दगड' असा होतो, कारण तापविताच यातील पाणी बुडबुड्यांनी बाहेर पडते. महाराष्ट्रातील अभ्यासकास हा दगड परका नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट या झिओलाइटांचे जे शुभ्र स्फटिक सापडतात, ते जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिन येथे रॉबर्ट गान्स यांनी झिओलाइटसदृश पदार्थ कृत्रिम रीतीने तयार करून तो पाण्याच्या मृदूकरणासाठी योजिला. त्याला मिळालेले 'पर्म्युटिट' हे नाव लॅटिनमधील अदलाबदलवाचक क्रियापदावरून घडविलेले आहे. जी क्रिया खरोखर घडते तिचेच नाव वस्तूला देणारा हा शब्द परिभाषेच्या दृष्टीने विशेष नेमका म्हणावा लागेल. १९३५ साली इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे अ‍ॅडम्स व होम्स यांनी कृत्रिम राळेतही हाच विनिमयाचा गुण आणता येतो असे दाखविले. अमेरिकेत डी'अलेलिओ यांना पॉलिस्टायरीनवर आधारलेल्या राळेचे पेटंट १९४४ साली मिळाले. आज घरोघरच्या यंत्रात जे पिवळसर, मोहरीहून बारीक मणी असतात, ते याच कुळातील होत.

३

यंत्राची रचना साधी आहे. एका उभ्या टाकीत राळेचे मणी, शेजारच्या टाकीत मीठ, आणि दोहोंना जोडणारी झडप. पाणी मण्यांतून खाली उतरते तेव्हा कॅल्शियम व मॅग्नेशियम मण्यांना धरून राहतात आणि तुल्य प्रमाणात सोडियम पाण्यात येतो. मण्यांची शक्ती संपली की पुनरुज्जीवन करावयाचे. प्रथम खालून वर पाणी सोडून थर सैल करावयाचा व गाळ धुऊन काढावयाचा. मग मिठवणी सावकाश झिरपू द्यावयाची. नंतर स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावयाचे. शेवटी मिठाच्या टाकीत पुढच्या खेपेचे पाणी भरून ठेवावयाचे. आइकहॉर्न यांचे पारडे येथे मुद्दाम उलट झुकविले जाते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, क्लार्क यांच्या पद्धतीप्रमाणे येथे क्षार निघून जात नाही, त्याचा केवळ पालट होतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅम दुष्फेनता काढली की ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. म्हणून खाऱ्या किंवा मचूळ पाण्याची चव या यंत्राने सुधारत नाही, आणि ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांच्या पिण्याचा नळ यंत्रापूर्वीच वेगळा काढणे उचित ठरते. दुसरी गोष्ट मिठाच्या हिशोबाची आहे. राळेच्या दर लिटरला सुमारे ९६ ग्रॅम मीठ दिले, तर ती सुमारे ४५ ग्रॅम दुष्फेनता पुन्हा धरू शकते. २४० ग्रॅम दिले तर सुमारे ६८ ग्रॅम. म्हणजे मीठ अडीचपट, शक्ती मात्र दीडपट. जादा मीठ मण्यांत न राहता मोरीत जाते.

एक उदाहरण घेऊ. पाच माणसांचे घर, माणशी रोज १३५ लिटर पाणी, आणि दुष्फेनता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम. (भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती २०० पर्यंत इष्ट असून अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते.) रोजची दुष्फेनता सुमारे २०० ग्रॅम होते. पंचवीस लिटर राळ असेल, तर कमी मिठाच्या मापाने दर पाच दिवसांनी पुनरुज्जीवन करावे लागेल, आणि प्रत्येक वेळी २.४ किलो मीठ खर्ची पडेल. वर्षाकाठी हा आकडा १७५ किलोपर्यंत जातो. निव्वळ रासायनिक तुल्यतेने पाहिले तर दर खेपेस १.२ किलो मीठ पुरावयास हवे. काटकसरीच्या मापातही निम्मे मीठ केवळ पारडे झुकविण्यासाठी वापरले जाते.

देखभालीचे नियम याच तत्त्वाचे उपसिद्धांत होत. मिठाच्या टाकीत कधी कधी वरचे मीठ गोठून कवच बनते आणि खाली पोकळी राहते. टाकी भरलेली दिसते, पण मिठवणी तयारच होत नाही. अशा वेळी लाकडी काठीने कवच हलकेच फोडावे. भरड, स्वच्छ मीठ वापरावे, कारण बारीक मिठाचा लगदा होतो आणि अशुद्ध मिठाची माती मिठवणी ओढणाऱ्या अरुंद छिद्रात अडकते. पाण्यात लोह असेल तर ते आधी काढावे. मण्यांवर चढलेला त्याचा गंज साध्या मिठवणीने निघत नाही. क्लोरीनच्या सततच्या माऱ्याने राळ हळूहळू खराब होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घड्याळाप्रमाणे ठरल्या दिवशी नव्हे, तर वापरलेल्या पाण्याच्या मोजमापावर पुनरुज्जीवन करावे. घर आठवडाभर बंद असताना घड्याळावर चालणारे यंत्र विनाकारण मीठ ओतीत राहते.

४

आता प्रश्न उरतो तो या मिठाचे पुढे काय होते याचा. शहरात ते सांडपाण्यात जाते, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियांनी विरघळलेले मीठ निघत नाही. कॅलिफोर्नियातील सांता क्लारिटा खोऱ्यात याच कारणाने नदीतील क्लोराइड वाढून खालच्या अंगाच्या स्ट्रॉबेरी व अ‍ॅव्होकाडोच्या पिकांचा प्रश्न उभा राहिला. तेथील मतदारांनी २००८ साली मिठावर स्वयंचलित चालणारी घरगुती यंत्रे काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे विंधनविहिरीवर अवलंबून असलेल्या ज्या वसाहती हेच पाणी बागेला वा जवळच्या जमिनीला सोडतात, तेथे प्रश्न अधिक थेट आहे. आणि त्याचे नाव मराठी शेतकऱ्याच्या कोशात आधीपासून आहे.

ते नाव 'चोपण'. जी जमीन ओली असता चिकट होते, वाळली की दगडासारखी होते, जिच्यात पाणी मुरत नाही, ती चोपण. केवळ क्षार साचून पांढरी पडलेली 'खारवट' जमीन निराळी. पुष्कळ पाण्याने क्षार धुऊन निघाले की खारवट जमीन सुधारते. चोपण एवढ्याने सुधारत नाही. मृदाशास्त्राने हा भेद विसाव्या शतकात संख्येने मांडला : चिकणमातीने धरलेल्या विनिमयक्षम आयनांत सोडियमचा वाटा शेकडा १५ हून अधिक झाला की जमीन चोपण समजावी. अशा मातीचे कण एकमेकांपासून सुटे होऊन छिद्रे बुजवितात. दख्खनची काळी माती विनिमयशक्तीने अत्यंत संपन्न असल्यामुळे ती हा दोष अधिक घट्ट धरून ठेवते.

चोपण जमिनीवरचा रूढ उपाय म्हणजे जिप्सम. जिप्सममधील कॅल्शियम मातीत शिरतो, सोडियम सल्फेट बनून बाहेर पडतो, आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. टॉमसन यांच्या स्तंभातून जे जिप्सम खाली गळून आले होते, तेच येथे वरून घालावे लागते. घरातले यंत्र सोडियम देऊन कॅल्शियम घेते. शेतकरी कॅल्शियम देऊन सोडियम घेतो. क्रिया एकच, दिशा मात्र विरुद्ध. घरात जो मृदूपणा आपण विकत घेतो, त्याचीच बाकी जमिनीच्या कठीणपणाच्या रूपाने शेतावर चढते.

यावरून यंत्र मुळातच त्याज्य ठरते असे नव्हे. पाणी तापविणाऱ्या बंबात क्षाराचा थर चढला की इंधन वाया जाते आणि नळ्या बुजतात. तेथे यंत्राचा उपयोग निःसंशय आहे. परंतु बागेचा व शौचकूपाचा नळ यंत्रापूर्वी वेगळा काढावा, मिठाचे माप कमीत कमी ठेवावे, आणि पुनरुज्जीवनाचे पाणी मातीत कदापि सोडू नये, हे तीन नियम त्याच्या इतिहासातूनच सिद्ध होतात.

शेवटी पुन्हा शब्दांकडे वळू. पाण्याची दुष्फेनता आज साबणाने मोजली जात नाही. १९४० नंतरच्या दशकात झुरिक येथे श्वार्झेनबाख यांनी सिद्ध केलेल्या ईडीटीए पद्धतीत द्रावणाचा रंग लालसर जांभळ्यावरून निळा झाला की मोजणी पुरी होते. कृत्रिम धुलाईचूर्णांना तर जड पाण्यातही फेस येतो. म्हणजे 'दुष्फेन' या शब्दाची परीक्षा मागे पडली आणि शब्द तेवढा उरला. 'चोपण' या शब्दाचे तसे झालेले नाही. त्याची परीक्षा आजही पायाखाली आहे, आणि दोन्ही शब्दांचे रसायन एकच आहे, हे ज्याला कळले तो मिठाचे पोते टाकीत रिकामे करण्यापूर्वी मोरीचे पाणी कोठे जाते ते विचारील.