शंभर मजले, दोन पत्ते

शिकागोतलं जॉन हँकॉक सेंटर 1969 मध्ये उभं राहिलं. काळ्या अॅल्युमिनियमचा आणि गडद काचेचा हा मनोरा शंभर मजली, 344 मीटर उंच. खाली दुकानं आणि वाहनतळ, मग कचेऱ्या, आणि 44व्या मजल्यापासून वर सातशेच्या आसपास घरं. काम आणि संसार पुन्हा एका छपराखाली आणणारी इमारत, असं तिचं कौतुक होतं. ते कौतुक मला अर्धंच पटतं. मुळात इथे दोन मनोरे व्हायचे होते, एक घरांचा आणि एक कचेऱ्यांचा. त्या जागेत ते दाटीवाटीने उभे राहिले असते, म्हणून वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम आणि ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर खान यांनी एकावर दुसरा चढवला. कचेरीला ऐसपैस मजला लागतो, आतल्या माणसाला दिव्याखाली बसवता येतं. घराची खोली खिडकीपासून लांब नेता येत नाही. म्हणून पायथ्याला 81 बाय 50 मीटरचा मनोरा माथ्यावर 49 बाय 30 होतो. दर्शनी भागावरच्या फुलीसारख्या तिरप्या तुळया वाऱ्याचा जोर पेलतात, आणि त्यामुळे चौरस मीटरमागे साधारण 145 किलो पोलादात काम भागलं. एम्पायर स्टेट बिल्डिंगला दोनशे किलोंहून अधिक लागलं होतं. या तुळया काही घरांच्या खिडक्यांवरून तिरक्या जातात, तेवढी तडजोड रहिवाशांच्या वाट्याला आली. म्हणजे घर वर आणि कचेरी खाली हे ठरवलं ते जागेने, उजेडाने आणि खर्चाने.

यावर कुणी म्हणेल, खाली पेढी आणि वर बिऱ्हाड ही रीत मुंबईत भुलेश्वर-काळबादेवीलाही जुनीच आहे. खरं आहे, पण तिथे पेढीवर बसणारा बहुधा वरच राहायचा. इथे 30व्या मजल्यावरचा कारकून आणि 60व्यावरचा रहिवासी यांची गाठ पडायचं काही कारणच नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 44व्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे, किराणा दुकान आहे, मग ही वस्ती नव्हे काय? वस्ती आहेच, पण फक्त वरच्यांची. त्या सोयी रहिवाशाला खाली उतरण्याच्या गरजेतून सोडवतात, कचेरीशी जोडत नाहीत. 2018 मध्ये इमारतीवरून हँकॉक हे नाव गेलं आणि 875 नॉर्थ मिशिगन अॅव्हेन्यू हा पत्ताच तिचं नाव झाला. घरांचा पत्ता मात्र बाजूच्या रस्त्यावरचा, 175 ईस्ट डेलावेअर प्लेस.