मदेराचा नाताळ आणि आमचा इंद्याल

आमच्या देवळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेंत बांधकामाचा वृत्तांत व पूर्वीच्या धर्मगुरूंची नामावळी अन्यत्र आलीच आहे. म्हणून आम्ही येथें एका लहानशा, परंतु प्रत्येक घरच्या चुलीशीं संबंध असलेल्या विषयाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. नाताळांत मध्यरात्रीच्या मिस्सेहून परत आल्यावर ज्या इंद्यालाचा वास घरांत दरवळतो, त्याचें मूळ कोठचें, आणि त्याच्या शेजारीं पेला असावा कीं नसावा, हा तो विषय होय.

अटलांटिक महासागरांत, आफ्रिकेच्या वायव्येस, मदेरा नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. इ. स. १४१९ च्या सुमारास पोर्तुगीज दर्यावर्दी तेथें उतरले, आणि ऊंस व द्राक्षें यांची लागवड करून त्यांनीं तें संपन्न केलें. या दूरच्या बेटाशीं आमचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध आहे, व तो जुना आहे. १५१४ सालीं मदेरांतील फुंशाल नगरीं बिशपांचें आसन स्थापन झालें. पुढें १५३४ सालीं गोव्याचा धर्मप्रांत निर्माण झाला, तो या फुंशालच्याच आर्चबिशपांच्या अधीन ठेवण्यांत आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा याच्याशीं झालेल्या तहानें वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली.

आतां मदेराच्या नाताळाकडे वळूं. तेथें या सणास ‘कार्ने द विन्या द आल्युश’ हें पक्वान्न अवश्य लागतें. डुकराच्या मांसाचे तुकडे द्राक्षारस, त्याचाच शिरका, लसूण व सुवासिक पानें यांत दोनतीन दिवस मुरवितात, मग तळतात, आणि त्याच चरबींत पावाचे काप परततात. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर तें कुटुंबासह खावयाचें, आणि जोडीस त्या बेटाचाच द्राक्षारस घ्यावयाचा. ही जोडी उगीच जमलेली नाहीं. शिरक्याच्या पदार्थापुढें सौम्य द्राक्षारस पाण्यासारखा बेचव लागतो. मदेराच्या द्राक्षारसांत मूळचाच आंबटपणा असल्यामुळें तो शिरक्यापुढें टिकतो व चरबीचा जडपणा कमी करतो. त्यांतही ‘सेर्सियाल’ द्राक्षांचा अगोड रस मांसाबरोबर शोभतो, व ‘माल्वाझिया’ द्राक्षांचा गोड रस ‘बोलु द मेल’ नामक केकाबरोबर. हा केक उंसाची काकवी, दालचिनी व लवंग घालून ८ डिसेंबरच्या, म्हणजे निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या सुमारास करतात, व तो सुरीनें न कापतां हातानें मोडतात. केकापेक्षां पेला कमी गोड असला तर रस आंबट भासतो, हें तेथील गृहिणी जाणतात.

मदेराहून द्राक्षारसाचीं पिंपें हिंदुस्थानाकडेही येत. उष्ण समुद्रावरील उन्हानें व हेलकाव्यांनीं तो रस बिघडण्याऐवजीं अधिक रुचकर होई. असा प्रवास करून परत गेलेल्या पिंपांस ‘विन्यु द रोदा’, म्हणजे फेरीचा द्राक्षारस, या नांवानें अधिक किंमत येई. पुढें घरींच ऊब देऊन तो पिकविण्याची रीत पडली.

पोर्तुगीजांबरोबर मांस मुरविण्याची ही कृति आमच्या किनाऱ्यास आली. द्राक्षवेल मात्र कोंकणच्या पावसांत फळला नाहीं. वेदीवरील मिस्सेसाठीं शुद्ध द्राक्षांचाच रस हवा, असा पवित्र सभेचा नियम आहे. तेथें अदलाबदल नव्हती, म्हणून तो रस गलबतांतून आणावा लागे. चुलीपुढें असें बंधन नव्हतें. आमच्या बायकांनीं ताडीमाडीचा शिरका घेतला, पोर्तुगीजांनींच अमेरिकेंतून आणलेली मिरची घातली, आणि पदार्थ आपला केला. ‘विन्या द आल्युश’ चें गोव्यांत ‘विंदाल्यु’ झालें व आमच्याकडे ‘इंद्याल’. मूळ अर्थ इतका विसरला गेला कीं, अन्यत्र कित्येकांनीं नांवांतील ‘आलू’ ऐकून त्यांत बटाटे घातले! १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीज गेले, इंद्याल राहिला.

राहतां राहिला पेला. मदेराची जोडी आमच्या ताटास जशीच्या तशी लागू पडत नाहीं, कारण मध्यें मिरची आली. तिखटावर कडक दारू घेतली असतां जिभेची आग शमत नाहीं, दुणावते, व मग तहान समजून मनुष्य आणखी पितो. घ्यावयाचाच तर किंचित् गोड व हलका द्राक्षारस थोडा घ्यावा. मुंबईकडील ईस्ट इंडियन घरांत खिमाड करतात, त्यांतही दारूंत गरम पाणी, साखर व मसाला घालून तिचा कडकपणा मोडलेला असतो. वडीलधाऱ्यांचा तो शहाणपणा होता.

हें आम्ही केवळ चवीसाठीं लिहीत नाहीं. पंचवीसांहून अधिक वर्षांच्या सेवेंत, सणाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या दारीं रडत आलेल्या आयाबहिणी आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांच्या घरीं इंद्याल तसाच टोपांत राहिला होता, आणि बाटली तेवढी रिकामी झाली होती. गालीलांतील काना गांवीं प्रभूनें पाण्याचा द्राक्षारस केला, तो लग्नाच्या पंगतींत, सर्वांसाठीं. मदेराची रीतही तीच: आधीं मिस्सा, मग घरचें ताट, आणि ताटाच्या सोबतीस पेला. ताट सोडून पेला एकटा उरला म्हणजे सण संपला.

आणि ज्यांनीं पेला अजिबात वर्ज्य केला आहे, त्यांनीं आपला सण उणा झाला असें मानूं नये. आमच्या पदार्थाच्या नांवांतच द्राक्षारस आहे, आणि त्याच्या जागीं आलेला शिरका आमच्या आजींनीं टोपांत घालून ठेविला आहे. आमच्या नाताळाच्या वांट्याचें तें प्रत्येक ताटांत, लेकरांच्यासुद्धां, पोंचलेलेंच आहे.