मृत्युपत्र : करण्याची आणि बदलण्याची वेळ

मृत्युपत्र म्हणजे आपल्या पश्चात आपल्या मालमत्तेचे काय व्हावे हे सांगणारा लेख. तो मृत्यूनंतरच अमलात येतो आणि हयातीत कितीही वेळा बदलता येतो. बोलण्यात त्याला ‘विल’ किंवा ‘इच्छापत्र’ही म्हणतात. भारतात त्याचे नियम मुख्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये आहेत. मन शाबूत असलेल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीला ते करता येते. साधा कागद पुरतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. इतक्या सोप्या कागदासाठी माणसे आयुष्यभर थांबतात, कारण ‘अजून वेळ आहे’ असे प्रत्येकालाच वाटते.

शेवटच्या घटकेला केलेल्या मृत्युपत्राचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला, पण काही आठवड्यांतच दगावला. मग दत्तक कोणाला घ्यायचे यावरून विश्वस्त आणि ताई महाराज यांच्यात वाद पेटला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मार्च १९१५ मध्ये निकाल दिला तेव्हा टिळकांच्या आयुष्यातील कित्येक वर्षे या एका प्रकरणात गेली होती. मरणशय्येवर केलेले मृत्युपत्र कायद्याने बाद होत नाही, पण त्याच्याकडे संशयाने पाहायला वाव राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ पासून सातत्याने म्हटले आहे की परिस्थिती संशयास्पद असेल तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर आहे. थरथरती सही, आजारपण, ज्याला सगळे मिळते त्याचीच सारी धावपळ, ही अशा संशयाची नेहमीची कारणे. हातपाय धड असताना केलेल्या कागदाला हा त्रास सहसा होत नाही.

मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेची वाटणी कायदा करतो, आणि ती वाटणी घरातल्यांच्या समजुतीपेक्षा पुष्कळदा वेगळी निघते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार विवाहित पुरुषाच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडील वारसांच्या या पहिल्या वर्गात नाहीत. म्हणजे मुलाच्या फ्लॅटसाठी वडिलांनी निवृत्तीची पुंजी ओतली असली, तरी मुलगा आधी गेल्यास त्यांचा हक्क शून्य. सावत्र मुलगाही या वर्गात बसत नाही, मग त्याला लहानपणापासून स्वतःच्या हाताने वाढवलेले का असेना.

स्त्रीच्या बाबतीत हा कायदा अधिक बोचरा आहे. मूलबाळ आणि नवरा नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यातील बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी शिकून तिने नोकरी केली आणि चार दशके सासरशी संबंध न ठेवता जगली. बँकेत शिल्लक होती, भविष्य निर्वाह निधी होता, फक्त मृत्युपत्र नव्हते. २००९ मध्ये न्यायालयाने सहानुभूती बाजूला ठेवून कायद्याचे शब्द लावले, आणि आयुष्यभराची ती सारी पुंजी तिला हाकलणाऱ्या सासरच्या वारसांना मिळाली. दोन साक्षीदारांची सही असलेल्या एका पानाने हे टळले असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. नोकरी करणाऱ्या मुलीने पहिल्या पगाराच्या वर्षीच मृत्युपत्र करावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

एरवीही योग्य वेळ वयावर ठरत नाही. स्वतःच्या नावावर काही आले किंवा कोणी आपल्यावर अवलंबून राहू लागले, की ती वेळ झाली. पहिले घर घेणे, लग्न, मूल होणे किंवा दत्तक घेणे, गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव लागणे हे त्याचे ठळक प्रसंग. लहान मुले असणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे : दोघेही आईबाप गेले तर मुलांचा सांभाळ कोणी करावा, हे मृत्युपत्रात पालक नेमून सांगता येते.

‘नॉमिनी लावलाय, आता मृत्युपत्र कशाला?’ हा मराठी घरांतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नामनिर्देशनाने वारसाहक्क ठरत नाही. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, आईवडील, मुले अशा जवळच्या नॉमिनीला वेगळे स्थान दिले, हा एक अपवाद. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेत सभासद वारल्यावर नॉमिनी हा तात्पुरता सभासद होतो आणि खरे वारस ठरेपर्यंतच तसा राहतो.

एकदा केलेले मृत्युपत्र कपाटात ठेवून विसरणे हाही धोकाच. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींचे आधीचे मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते. हिंदूंचे होत नाही, त्यामुळे लग्नाआधी सगळे भावाला लिहून दिलेला कागद लग्नानंतरही तसाच लागू राहतो आणि बायकोच्या हाती काही येत नाही. घटस्फोटाने मृत्युपत्र आपोआप बदलत नाही. उलट नुसते वेगळे राहणाऱ्या जोडीदाराचा वारसाहक्क, घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत, कायम असतो. ज्याला काही दिले तो आपल्याआधी गेला, मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी नेमलेला व्यवस्थापक म्हातारा झाला किंवा परदेशी गेला, एखादा साक्षीदार वारला, तरी कागद पुन्हा पाहिला पाहिजे.

मालमत्तेचे रूप बदलले की काय होते हे मुंबई-पुण्यात रोज दिसते. मृत्युपत्रात लिहिलेले असते, ‘तिसऱ्या मजल्यावरील खोली क्रमांक १२ धाकट्या मुलीस’. पुढे इमारत पुनर्विकासाला जाते, खोली पाडली जाते, आणि नवा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, वेगळ्या क्रमांकाचा, मोठ्या क्षेत्रफळाचा मिळतो. कागदावरची खोली आता जगात नाही. हा फ्लॅट त्याच खोलीच्या जागी आला हे मुलीला सिद्ध करत बसावे लागते, तेही भावंडांनी हरकत घेतली नाही तर. खोली विकूनच टाकली असती तर तिच्यापुरते ते दान निष्फळ झाले असते. म्हणून विकासकाशी करार झाला की मृत्युपत्रही नव्याने करावे, आणि ‘याशिवाय माझ्या नावे जे काही असेल ते’ अमुक व्यक्तीस, असे एक कलम त्यात ठेवावेच.

धर्म आणि प्रांत बदलला की मोकळीकही बदलते. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा पुढे चालवणाऱ्या २०१२ च्या कायद्याने मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखून ठेवली आहे.

किरकोळ बदलासाठी पुरवणीपत्र चालते, पण त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मूळ कागदावर खाडाखोड करून शेजारी तारीख टाकणे धोक्याचे. बदल मोठा असेल तर नवे मृत्युपत्र करून त्यात ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहावे. कायद्याने शेवटचे मृत्युपत्र खरे, मग आधीचे नोंदणीकृत आणि नंतरचे साधे असले तरी. साक्षीदार आपल्याहून तरुण आणि मालमत्तेत काहीही न मिळणारे असावेत. वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. आणि मूळ प्रत कोणत्या कपाटात, कोणत्या लॉकरमध्ये आहे, हे निदान एका विश्वासाच्या माणसाला आजच सांगून ठेवावे.