पागापासून वडापापर्यंत

भीमा वाहती होती तेव्हा काठच्या भोयांच्या हातात पाग असायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो फेकायचा. कडेच्या शिशाच्या वजनानं तो तळाला बसला की दोरीनं बेतानं ओढून घ्यायचा. कुठल्या डोहात वाम, कुठं मरळ, हे पोरांना शाळेच्या आधी ठाऊक.

१९८० साली उजनी धरण पुरं झालं. रानं, विहिरी, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. नदीचं तळं झालं आणि त्या खोलीला पाग पुरेना. मग होडी आणि नायलॉनचं लांब जाळं आलं. दिवस कलला की एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं जाळं सोडत जायचं. वर तरंगती बोंडं, खाली वजन, मधे पाण्यात उभी भिंत. मासा आरपार जाऊ बघतो, डोकं जातं आणि कल्ल्यापाशी अडकतो. पहाटे जाळं उचलायचं. जमीन बुडालेले काही शेतकरीही वल्हं धरायला शिकले, अन् आपल्याच शिवारावरून होडी नेऊ लागले.

या जाळ्यात मोठ्या भोकातून पिल्लू निसटतं आणि पुढं वाढतं. वडापाचं तसं नाही. बारीक भोकांचं ते जाळं ओढत नेलं की बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. कटला-रोहूचं बीज सोडायचं आणि वाढायच्या आत उपसायचं, असा हा धंदा. जुनी माणसं म्हणतात, ‘‘रान धरणानं नेलं. तळं गेलं तर नाव कुणाचं घ्यायचं?’’