शिलाहार–यादव संघर्ष (उत्तर कोकण)

देवगिरीचे यादव व ठाण्याचे शिलाहार यांच्यात तेराव्या शतकात झालेला संघर्ष. यादव राजा महादेव (कार. १२६१–७१) याने शिलाहार सोमेश्वर (कार. सु. १२५५–६५) याचा पराभव केला आणि सुमारे साडेचारशे वर्षांची उत्तर कोकणची शिलाहार सत्ता संपली.

पार्श्वभूमी : शिलाहार हे मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक, राजधानी स्थानक (ठाणे). आजच्या वसई-विरार भागातील शूर्पारक (सोपारा) हे त्यांचे एक प्रमुख बंदर. शिलाहार राजा अनंतदेवाच्या शके १०१६ (इ. स. १०९४) मधील खारेपाटण ताम्रपटात दोन अमात्यांना स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली (चौल) या बंदरांवरची जकात माफ केल्याची नोंद आहे. घाटावरच्या राजांना कोकण हवे असे ते मुख्यतः या बंदरांसाठी. सोमेश्वर मात्र कोणाचा मांडलिक म्हणवून घेत नव्हता. उरणजवळच्या रानवड (१२५९) व चांजे (१२६०) येथे त्याचे शिलालेख आहेत.

युद्ध : महादेवाने गजदळासह कोकणात स्वारी केली. जमिनीवर टिकाव न लागल्याने सोमेश्वराने जहाजांचा आश्रय घेतला आणि समुद्रातच त्याचा अंत झाला. हेमाद्रीच्या राजप्रशस्तीत, महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल सुसह्य वाटला, अशी कल्पना आहे. हेमाद्री यादवांचा मंत्री असल्याने ही जेत्याची बाजू होय.

बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे, हत्तींची झुंज व वरच्या पट्ट्यात शिवलिंगापाशी पोचलेले वीर कोरलेले आहेत. काही अभ्यासक ते याच युद्धाचे मानतात, तर काही त्यांना अकराव्या शतकातले ठरवतात.

परिणाम : उत्तर कोकणात यादवांचे अधिकारी आले. शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ठाणे ताम्रपटात यादव राजा रामचंद्रदेवाचा अधिकारी अच्युत नायक साष्टीचा कारभार पाहताना दिसतो. यादवांची सत्ता पुढे अलाउद्दीन खल्जीच्या १२९६ मधील स्वारीने खिळखिळी झाली आणि १३१८ च्या सुमारास लयास गेली.